रामरक्षा येते, मग चहा का मागता येत नाही?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला, उजवा हात अजून लुळा आहे. रामरक्षा घडाघडा म्हणतात, वीसपर्यंत आकडे मोजतात. पण चहा हवा असला की ‘पाणी’ म्हणतात आणि पाणी दिलं की चिडतात. पाटी दिली तर लिहिताही येत नाही. नातेवाईक म्हणतात, मुद्दाम करतात. खरं काय?

उत्तर : मुद्दाम मुळीच नाही, नातेवाइकांना हे आजच सांगा. तुमच्या वर्णनावरून हा वाचाघात दिसतो, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने भाषा बिघडणं. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते आणि शरीराची उजवी बाजूही तोच भाग चालवतो. म्हणून हात आणि बोलणं एकदम गेलं. पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ साली पाहिलेला रुग्ण जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ‘टॅन’ एवढंच म्हणे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूत इजा आढळली ती डावीकडेच.

पाठ असलेलं म्हणताना एक शब्द पुढच्याला ओढून आणतो. चहा मागताना मात्र नेमका शब्द निवडावा लागतो, आणि निवडीचंच काम बिघडलं आहे. त्यामुळे अर्थाने शेजारचा शब्द तोंडी येतो. लिहितानाही हीच निवड लागते, म्हणून पाटीही अडते. नुसते जिभेचे, ओठांचे स्नायू दुबळे असते तर उच्चार जड झाले असते, पण शब्द बरोबर आले असते आणि पाटी उपयोगी पडली असती. बाराखडी गिरवायला लावू नका. अक्षरं विसरल्याचा हा आजार नाही, आणि मोठ्या माणसाला त्यात फार अपमान वाटतो.

बोलताना टीव्ही बंद करा, समोर बसा. आवाज चढवू नका, कान शाबूत आहेत. एका वाक्यात एकच गोष्ट विचारा आणि मनात दहापर्यंत मोजून थांबा. घरचे सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच : तिसऱ्या सेकंदाला स्वतःच शब्द पुरवतात. कप आणि पेला दोन्ही समोर ठेवून बोट दाखवू द्या. ‘हो’ आणि ‘नाही’ही उलटसुलट होऊ शकतात, म्हणून ‘चहा हवा?’ला हो आलं तरी ‘पाणी हवं?’ असंही विचारून खात्री करा. शब्द अडला तर पहिला आवाज द्या, ‘च…’, किंवा वाक्य अर्धं सोडा : ‘सकाळी कपभर गरम…’. चुकीचा शब्द आला तर टोकू नका. ‘हं, चहा हवाय’ म्हणून पुढे चला.

पहिले काही महिने सुधारणा सर्वांत वेगाने होते, म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या वाचा-उपचारतज्ज्ञांना याच आठवड्यात गाठा. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी आधी करून घ्या. पाणी फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा. ‘काका’ला ‘ताता’, ‘गाय’ला ‘दाय’ म्हणतो. जिभेखालचा पडदा कापून घ्यावा का?

उत्तर : यासाठी नको. ‘क’ आणि ‘ग’ जिभेच्या मागच्या भागाने होतात. पडदा आखडला असेल तर अडतं ते टोक. तुमच्या मुलाचे ‘त’ आणि ‘द’ तर टोकानेच उमटतात. मागचा आवाज पुढे आणण्याची ही सवय साधारण चार वर्षांपर्यंत सुटते, म्हणून आता तपासणीची वेळ झाली आहे. आधी कान तपासा. घरी कार आणि तार अशी दोन चित्रं ठेवा. तो कारला ‘तार’ म्हणाला की तारेचं चित्र द्या. अर्थ बदलतो हे त्याच्याच लक्षात येतं. ‘क’ निघतच नसेल तर उताणं झोपवून म्हणायला लावा, जीभ आपोआप मागे सरकते.