काँपोझिट धरू की कनेक्टेड गाड्या?

तुझं पत्र मिळालं. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, लॅबमध्ये लॅमिनेट (तंतूंचे थर चिकटवून केलेले पत्रे) बनवण्यात रमतेस, पण मित्रमैत्रिणी म्हणतात सॉफ्टवेअरकडे वळ. म्हणून इलेक्ट्रिक गाड्यांमधलं काँपोझिटचं (म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून बनलेल्या हलक्या, मजबूत पदार्थांचं) काम निवडावं की गाडीशी लांबून संपर्क ठेवणाऱ्या यंत्रणांचं, असं तू विचारलंयस.

काँपोझिट निवड. मात्र दुसरा विषय सोडू नकोस, कारण दोन्हींची गाठ गाडीतच पडते. कार्बन फायबर वीजवाहक आहे, त्यामुळे रेडिओ लहरी अडवतं. ग्लास फायबर त्या आरपार जाऊ देतं. वजन वाचवायला छप्पर कार्बनचं केलं आणि अँटेना त्याखाली बसवला, तर नेटवर्क कितीही चांगलं असो, गाडीला ते धड मिळणार नाही. बॅटरीच्या झाकणाचं नेमकं उलटं: ते ग्लास फायबरचं असेल तर विद्युतचुंबकीय गोंगाट रोखायला धातूची जाळी किंवा लेप लागतो. असे निर्णय घेताना दोन्ही बाजू कळणारा माणूस टीममध्ये हवाच असतो. ती जागा तुझी होऊ शकते, असं मला मनापासून वाटतं.

२०१३ साली आलेल्या बीएमडब्ल्यू आय३ची रचना अभ्यास. प्रवासी कक्ष कार्बन फायबरचा, खालचा सांगाडा ॲल्युमिनियमचा. हे दोन पदार्थ थेट भिडले आणि ओल लागली की ॲल्युमिनियम गंजतं. म्हणून सांध्यांची रचना हा स्वतंत्र अभ्यासच आहे.

दुसऱ्या बाजूचं किमान इतकं शीक: कॅन बस (गाडीतल्या यंत्रणा एकमेकींशी बोलतात ती वायरिंग), एमक्यूटीटी (उपकरणांनी नेटवर्कवरून छोटे संदेश पाठवायची पद्धत), आणि अपडेट अर्ध्यावर तुटलं तर गाडी जुन्या सॉफ्टवेअरवर सुखरूप कशी परतते. २०१५मध्ये संशोधकांनी जीप चेरोकी लांबून ताब्यात घेऊन दाखवली आणि सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. संयुक्त राष्ट्रांचे १५५ आणि १५६ क्रमांकाचे नियम सायबर सुरक्षा आणि सॉफ्टवेअर अपडेटबद्दलच आहेत. भाषा रूक्ष आहे, तरी वाच.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एकाच मापाच्या दोन बंद पेट्या कर, एक कार्बनची, एक ग्लासची. आत ईएसपी३२ (वाय-फाय असलेला छोटा बोर्ड) ठेवून बाहेर सिग्नल किती डेसिबलने घटतो ते मोज. नुसती पाटी आड धरू नकोस, सिग्नल कडेने वळून येतो. मग अपडेट चालू असताना मुद्दाम वीज तोड आणि बोर्ड सावरतो का पाहा. मुलाखतीत या प्रोजेक्टवर तासभर बोलता येईल.

कार्बन कापताना मास्क घाल, आणि त्याची धूळ बोर्डापासून लांब ठेव. शॉर्ट सर्किट होतं.