तारप्याचं चित्र आपलं कसं?

लाडक्या मनूस,

काल शाळेच्या ‘आपली संस्कृती’ तक्त्यासाठी तू बैठकीतल्या वारली चित्राचा फोटो काढलास आणि विचारलंस, “आई, तू हा नाच केलायस ना?” मी नाही म्हटलं. “मग हे आपलं कसं?” मी भाजी ढवळत राहिले. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

डहाणूचं घर तुला आठवत नसेल, दोन वर्षांची होतीस. मागे चिकूची वाडी आणि पलीकडे वारल्यांचा पाडा. भातकापणी झाली की रात्री तिकडून तारपा ऐकू यायचा. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पानं, एवढ्यातून तो घुमणारा सूर निघतो. बेबीमावशी आणि मी अंथरुणात कान देऊन पडायचो. सूर बदलला की पायांचा ठेका बदलायचा. मग आजी उठून खिडकी लोटून घ्यायची.

त्याच पाड्यावरून एक बाई आमच्याकडे मोळी घेऊन यायची. आजी तिला चहा द्यायची, गूळ द्यायची, तिच्या पोराला ताप आला तर औषधही द्यायची. पण तिचा कप वेगळा होता, पडवीच्या कोनाड्यातला. पिऊन झाला की ती स्वतः विसळून पालथा घालायची. आजी माझ्यासाठी जगातली सगळ्यात मायाळू बाई होती, अजूनही आहे. पण तो कपही होता, आणि त्याबद्दल मी कधी काही विचारलं नाही. तू आज विचारतेस तसं.

एका दिवाळीत मी नवं परकर-पोलकं घालून, कुणाला न सांगता, पाड्यावर गेले. चित्रात आहे तसंच होतं सगळं. मधे तारपा वाजवणारा, भोवती एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेली रांग, शंखासारखी वळत गेलेली. त्याच्याकडे पाठ कुणी करत नाही. त्या मोळीवाल्या बाईची मुलगी माझ्याएवढीच. तिने रांगेतून हात पुढे केला आणि माझा धरला. मी हात सोडवून घेतला आणि घरी पळाले. घरी कळेल म्हणून की परकर मळेल म्हणून, आता सांगता येत नाही.

ही चित्रं मुळात लग्नघराच्या भिंतीवर, गेरूवर तांदळाच्या पिठाने, सुवासिनी काढायच्या. १९७०च्या सुमारास ती कागदावर आली आणि जगभर गेली, ती आपल्याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आजोबांचा फोन आला होता, “आपल्या डहाणूचे हो!” आनंदाने गळा भरून आला होता त्यांचा. त्याच आजोबांनी जन्मभरात पाड्यावर पाऊल टाकलेलं मी पाहिलं नाही. तरी त्यांचं ते ‘आपल्या’ खोटं होतं असं मला म्हणवत नाही.

आपलं चित्र म्हणजे छापील प्रतच. इकडे यायच्या आदल्या आठवड्यात ठाण्याच्या एका प्रदर्शनातून घेतली. लग्नात मिळालेली चांदीची समई तिथेच ठेवून आले, हे मात्र गुंडाळी करून हातातल्या पिशवीतून आणलं. चित्राकडे पाहिलं की आजही मला तो सूर ऐकू येतो, म्हणून ते भिंतीवरून काढायची माझी तयारी नाही. तू तक्त्यावर ‘आमचा नाच’ लिहू नकोस, एवढंच वाटतं. ‘आईच्या गावचा’ लिही. किंवा तुला योग्य वाटेल ते लिही.

आणखी एक. फ्रेम करताना कडेच्या पुठ्ठ्याखाली चित्राचा खालचा कोपरा झाकला गेला, सहीचा. इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही. शनिवारी तुझा क्लास नसेल तर आपण फ्रेम उघडू. पकड बाबांच्या खणात आहे.

तुझी
आई