बांगलादेशला ‘सगळीकडे’ ड्यूटी माफ नाही गो

पर्वरीच्या मॉलमध्ये टी-शर्टवर ‘मेड इन बांगलादेश’ बघितलंस आणि विचारलंस की कापूस आपल्याकडे, गिरण्या आपल्याकडे, मग हे पुढे कसे गेले, त्यांना सगळीकडे ड्यूटी (आयात शुल्क) माफ आहे म्हणून का? अर्धं बरोबर आहे बाय. तो ‘सगळीकडे’ तेवढा प्रोजेक्टमधून काढून टाक.

मी फोंड्याचा, पण बारा वर्षं तामिळनाडूत तिरुपूरला मर्चंडायझर, म्हणजे परदेशी बायरच्या कपड्यांच्या ऑर्डरी सांभाळणारा होतो (गोव्यात शिलाईच्या फॅक्टऱ्या कुठे आहेत, पोटासाठी जावं लागलं). जर्मनीचा बायर आला की चहा संपायच्या आत ढाक्याचा रेट काढायचाच. युरोपात कपड्यांवर १२ टक्के ड्यूटी, आपल्याला तेव्हा थोडी सूट मिळून ९.६, आणि बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीत म्हणून शून्य. म्हणजे ५०० रुपयांच्या मालावर आमचे ४८ रुपये उगाच जास्त, तेवढं तर आमचं मार्जिन पण नसायचं, मॅच काय करणार कपाळ!

पण खरी मेख पुढे आहे. शून्य ड्यूटी हवी तर माल ‘तिथलाच’ आहे हे कागदावर दाखवावं लागतं, आणि तिथला म्हणजे काय हे प्रत्येक बाजार आपापलं ठरवतो. युरोप २०१० पर्यंत म्हणायचा की नुसती शिलाई चालणार नाही, कापडसुद्धा तिथेच तयार झालं पाहिजे. टी-शर्ट-स्वेटरवाल्यांना ते जमायचं कारण सूत बाहेरून आणलं तरी निटिंग (स्वेटरसारखं सुयांनी विणणं) घरच्या घरी होतं, त्याच्या मशिनी काही फार महाग नाहीत. शर्ट-पँटच्या वोव्हन, म्हणजे मागावर विणलेल्या कापडाची गिरणी उभी करणं म्हणजे मात्र मोठा खर्च, ते कापड चीनमधून नाहीतर आपल्याकडून यायचं, मग सवलत नावाला आणि पुष्कळशा मालावर ड्यूटी भरायचीच. १ जानेवारी २०११ पासून युरोपने अशा देशांना नुसती शिलाई पुरे असं केलं आणि वोव्हनची गाडी धावायला लागली. टक्के तेच होते हां, शून्यच, बदलला तो फक्त नियम.

अमेरिकेत सगळंच उलटं. तिथे बांगलादेशला कपड्यांवर सवलत नाहीच, कॉटन टी-शर्टला इतरांसारखे १६.५ टक्के (२०२५ चं टॅरिफचं लफडं त्यावर आणखी वेगळं), तरी माल जातोच, कारण मजुरी कमी आणि फॅक्टऱ्या एवढ्या मोठ्या की लाखाची ऑर्डर एका ठिकाणी निघते. आणि ज्यांना तिथे शून्य मिळालं ते आफ्रिकेतले देश, २००० च्या अगोआ कायद्याने, त्यातल्या गरीब देशांना तर कापड बाहेरचं आणायचीही मुभा, म्हणून लेसोथोसारख्या चिमुकल्या देशात तैवानी मालकांच्या फॅक्टऱ्या आल्या. पण कुठल्या देशाने किती कपडे पाठवायचे याचा कोटा असायचा, तो २००५ ला उठला, चीन मोकळा सुटला आणि त्यातल्या काही गाशा गुंडाळून गेल्या.

शिवाय सवलत देणारा ती काढूनही घेतो. मादागास्करमध्ये २००९ ला सत्तापालट झाला, २०१० पासून अगोआ बंद, शिलाईवाल्या बायका घरी, चार वर्षांनी परत चालू केलं पण गेलेला बायर तुझी वाट बघत बसतो का? श्रीलंकेची युरोपातली जादा सवलत २०१० ते २०१७ बंद होती, कंबोडियाची २०२० मध्ये थोडी कापली.

आता तुझा तो टी-शर्ट. बांगलादेशच्या कपड्यांवरची ड्यूटी २०११ मध्ये आपणच काढली गो! नंतर मे २०२५ मध्ये त्यांचे कपडे जमिनीच्या रस्त्याने घ्यायचे बंद केले, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून आणा म्हणून सांगितलं. ड्यूटी शून्यच, पण माल बोटीने फिरून येणार, भाडं आणि दिवस वाढले, सवलतीतला फायदा तिथे किती खाल्ला जातो ते बघ, हाच एक चांगला चॅप्टर होईल.

आणि आकडे काढताना निट आणि वोव्हन वेगळे घे, कस्टम्सच्या कोडमध्ये ६१ आणि ६२. दोन्हींची एकच बेरीज केलीस तर २०११ ला नक्की काय झालं ते दिसायचंच नाही.