सिरीज बोर्ड

कोल्हापूर,
सोमवार

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू येऊन गेलीस आणि निघताना उंबऱ्यात उभी राहून, अगदी सहज सांगावे तसे म्हणालीस, की ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारे ते यंत्र), सोल्डरिंगचे सामान आणि सुट्या पार्टचे डबे विकायचे ठरवले आहे, तेव्हा काकांनी एखादे गिऱ्हाईक बघावे. मी "बघू" एवढेच बोललो. समोरासमोर बोलताना माझी घाई होते आणि निम्मे सांगायचे राहून जाते. आज कारखान्याला सुट्टी आहे, म्हणून लिहायला बसलो.

पैशाची निकड असेल तर वस्तू विकण्यात कमीपणा नाही. मीही एकदा हातातले घड्याळ विकून कामगारांचा पगार भागवला आहे. परंतु तू जी किंमत सांगितलीस तिच्यात तुझा दोन महिन्यांचा खर्चही निघणार नाही, आणि हिशोबात तू माझ्यापेक्षा पक्की आहेस. म्हणजे मूळ कारण पैशाचे नसावे. "आता प्रोग्रॅम यंत्रच लिहिते, मग मी हे शिकून केले काय?" हे तुझे वाक्य मात्र रात्रभर माझ्या डोक्यात घोळत राहिले.

तुमच्या गच्चीवरच्या टाकीची गोष्ट आठव. पाण्याची पातळी मोजणाऱ्या त्या सेन्सरचा प्रोग्रॅम तू यंत्राकडून लिहून घेतलास, तो मिनिटभरात तयार झाला आणि त्यात चूकही नव्हती. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून पाणी एक मीटर खाली असेल तर प्रतिध्वनी परत यायला साधारण सहा मिलिसेकंद लागतात, हे गणित त्याने बरोबर मांडले होते. तरीही रोज पहाटे तुझी टाकी एका क्षणी रिकामी तर दुसऱ्या क्षणी भरून वाहणारी दिसायची. तीन दिवस तू पहाटे पाचला उठून बॅटरी घेऊन गच्चीवर जात होतीस, आणि तिसऱ्या दिवशी तुला सेन्सरच्या जाळीवर जमलेले दव दिसले. तो शोध कोणी लावला? यंत्राला तुझी गच्ची ठाऊक नव्हती. उद्या तेही त्याला कळेल, असे तू म्हणशील, कदाचित कळेल. मी लेथवर उमेदीची वर्षे काढली आणि पंचेचाळिशी उलटल्यावर माझ्या निम्म्याहून लहान मुलाच्या शेजारी बसून सीएनसीचे, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या लेथचे, जी-कोड शिकलो, त्यामुळे यंत्र पुढे कुठवर जाईल यावर पैज लावणे मी सोडून दिले आहे. हाताने कटिंग करताना नुसत्या आवाजावरून टूल बोथटल्याचे मला कळायचे. सीएनसीवर ते कौशल्य वाया जाईल असे वाटले होते. तसे झाले नाही, पण त्याची किंमत कमी झाली हे खरे आहे, आणि ते तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

नोकरीसंबंधी तू फार थोडे बोललीस. जेवढे समजले त्यावरून, पुण्यातल्या त्या कंपनीने तुमचा गटच्या गट एका दुपारी बंद केला, त्यात तुझ्यापेक्षा कामात सरस असलेलेही गेले, आणि तेव्हापासून चार महिने तू स्वतःत दोष शोधते आहेस. इथे मला माझी जुनी, रेडिओ दुरुस्तीची विद्या वापरू दे. रेडिओला आयुष्याचा गुरू करण्याची हौस मला मुळीच नाही, आणि तसे करणाऱ्यांची भाषणे ऐकताना मला झोप येते. पण एक गोष्ट मी खरोखर तिथेच शिकलो.

मुका सेट समोर आला, की जाणता मेकॅनिक शेवटाकडून सुरुवात करतो. पॉवर सप्लाय ठीक असल्याची खात्री करून तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टोकाला स्क्रू ड्रायव्हरचे पाते टेकवतो, आणि स्पीकरमधून घूं असा आवाज आला तर तिथून पुढचा सगळा भाग चांगला आहे असे समजून तिकडे पुन्हा बघत नाही. उरतो तो मागचा भाग. तिथेही एकेक टप्पा मागे सरकत जायचे. थोडक्यात, पहिले काम चालू काय आहे ते ठरवण्याचे असते. कच्चा मेकॅनिक नेमके उलटे करतो. सेट बोलत नाही म्हटल्यावर तो आधी आयएफटीचे, म्हणजे सेटच्या आतली ठरावीक लहर निवडणाऱ्या छोट्या कॉइलींचे, कोर फिरवायला घेतो. पुढे दोष म्हणून एखादा ड्राय सोल्डर निघतो, तो डागला जातो, तरी सेटवर केंद्रे नीट लागत नाहीत, कारण ४५५ किलोहर्ट्झवर बसवलेले, मुळात बिनदोष असलेले जुळणे त्याने स्वतःच्या हाताने मोडलेले असते. माझ्याकडे आलेल्या सेटांपैकी बऱ्याच सेटांचा खरा आजार आधीचा मेकॅनिक हाच होता.

तू सध्या कोर फिरवते आहेस. चार महिन्यांत तू क्षेत्र बदलण्याचा विचार केलास, स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणलीस, आता सामान विकायला काढलेस. या सगळ्यात बिघडलेले काय होते? एक नोकरी गेली. वायरिंग वाचण्याची तुझी नजर, दव सापडेपर्यंत पहाटे उठण्याचा हट्ट, आईशी अजून मोकळेपणाने बोलता येणे, हे सगळे पाते टेकवताच घूं करणारे भाग आहेत. त्यांना हात लावू नकोस.

आता माझ्या चुकीविषयी, कारण ती न सांगता उपदेश करणे बरे दिसणार नाही. शिवाजी उद्यमनगरात माझे छोटे वर्कशॉप होते आणि त्यातले बहुतेक काम ऑइल इंजिनच्या भागांचे असे. उसाला पाणी देण्यासाठी एके काळी या भागात नदीकाठी ऑइल इंजिनांची धडधड ऐकू यायची. गावोगाव वीज पोचली, विजेचे पंप बसले, तशी ती कमी होत गेली. हा बदल एका रात्रीत आला नव्हता, तो आम्हा सगळ्यांना दिसत होता, आणि तरीही मी तो बघितला नाही. शेवटी ज्या एका कारखान्यावर माझे वर्कशॉप चालत होते त्याने ऑर्डर थांबवली. त्यानंतरचे जवळजवळ आठ महिने मी रेडिओच्या खोलीत काढले. सकाळी चहा घेऊन आत जायचो तो रात्री बाहेर यायचो. एक जुना शॉर्ट वेव्हचा सेट तर मी चांगला असताना तीन वेळा उघडला. त्या काळात घर तुझ्या काकूने शिलाई मशिनवर चालवले, आणि घरात काय चालले आहे याची मला पुरती कल्पना होती. लोक म्हणतात की छंद माणसाला वाईट काळात तारतो. मला त्याने लपायला जागा दिली. म्हणून तुला सांगताना मी छंदाची महती गाणार नाही. खोलीत जायचे तर घड्याळ बघून जायचे, आणि बाहेर आल्यावर जे टाळत होतो ते एक तरी काम करायचे, एवढी शिस्त मला काकूने लावली, तीही भांडून.

त्याच सुमारास दुसरीही एक चूक केली. कुणीतरी सुचवले की हात एवढा चांगला आहे तर रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढा. काढले. गिऱ्हाईक दारात उभे असताना सेट उघडण्यात आणि रविवारी दुपारी स्वतःच्या कुतूहलाने उघडण्यात किती अंतर आहे हे मला तेव्हा कळले. वर्षभरात दुकान बंद केले, आणि पुढची दोन वर्षे मी रेडिओला शिवलो नाही. तुझ्या मैत्रिणी तुला तुझ्या प्रयोगांचे व्हिडिओ टाकून कमाई करायला सांगत आहेत म्हणे. कर, मी अडवणार नाही, पण एखादी तरी वस्तू अशी ठेव जिचा व्हिडिओ निघणार नाही.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे, तिथून तू शेकडो वेळा गेली असशील. आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी, जे मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत, स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवायचे मनावर घेतले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी त्यांचे सहकारी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' हा मूकपट आला. कोल्हापुरात ही हकीकत नेहमी विजयाची म्हणून सांगतात. मला, लेथवरचा माणूस म्हणून, १९१६ आणि १९१८ यांच्यामधल्या काळाचे जास्त कुतूहल वाटते. फिल्म क्षणभर स्थिर धरायची आणि लगेच पुढे ओढायची, हे काम करणारे सुटे भाग टेबलावर पडलेले असणार, आणि ज्याच्याबरोबर ते मांडले तो माणूस नाही. त्या दिवसांत त्यांनी पहिला हात कशाला लावला असेल? एवढ्याशा भागाला लावला असणार, असा माझा कयास आहे.

असे वाटण्याचे कारण २०१९ चा महापूर. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. शुक्रवार पेठेतली माझी तळमजल्यावरची खोली छतापर्यंत बुडाली आणि अकरा सेट कित्येक दिवस गढूळ पाण्यात राहिले. पाणी ओसरल्यावर मी ते आधी स्वच्छ पाण्याने धुतले, कारण गाळ वाळून बसला की तो नंतर निघत नाही. बघणाऱ्यांना वाटले म्हातारा खुळा झाला. ऊन नव्हतेच, म्हणून लाकडी कपाटात १०० वॉटचा बल्ब लावून त्यात एकेक चासी आणि ट्रान्सफॉर्मर आठवडेच्या आठवडे सुकवले. स्पीकरचे कागदी पडदे लगदा होऊन गेले होते, कागदी कंडेन्सर फुगले होते, ते टाकून दिले. अकरापैकी चार सेट पुढे बोलले. सात नाही बोलले, आणि त्यात वडिलांचा मर्फीही होता.

जे चार बोलले ते सिरीज बोर्डमुळे. तू तो माझ्या टेबलावर पाहिला आहेस, पण नीट विचारला नाहीस, कारण तो तुला जुनाट वाटला. घरच्या विजेच्या आणि सेटच्या मध्ये एक साधा बल्ब जोडलेला असतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सेट वाचतो. त्याचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. बराच काळ पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला ऑक्साइडचा थर क्षीण झालेला असतो. अशा सेटला एकदम २३० व्होल्ट दिले तर कंडेन्सर तापतो, प्रसंगी फुटतो. तेच आधी ४० वॉटचा बल्ब, मग ६० चा, मग १०० चा, असे करत दाब हळूहळू वाढवला तर तो थर आतल्या आत पुन्हा तयार होतो. सेट तोच आणि वीजही तीच. फरक पडतो तो चढत जाण्याच्या वेगाने. परवा एका दिवसात चाळीस अर्ज पाठवल्याचे तू सांगितलेस आणि एकाचेही उत्तर आले नाही म्हणून संध्याकाळभर रंकाळ्यावर एकटी बसलीस. ते थेट २३० व्होल्ट होते.

म्हणून तुझ्यासाठी ४० वॉटचा बल्ब शोधला आहे. माझ्या कारखान्यातल्या दोन जुन्या लेथवर किती नग निघाले हे अजून कामगार खडूने फळीवर लिहितात, आणि संध्याकाळी आकड्यांवरून वाद होतो. नग जवळ आला की ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवून नगांची मोजणी करणारा काउंटर मला हवा आहे. प्रोग्रॅम यंत्राकडून लिहून घे, माझी हरकत नाही. मात्र शेजारची वेल्डिंग मशिन सुरू झाली की आकडे का उडतात ते तुलाच शोधावे लागेल, आणि ते उडणार हे मी आताच सांगून ठेवतो. आठवड्यातून तीन दिवस, दुपारपर्यंत. मजुरी ठरवून घ्यायची, काकांचे काम म्हणून फुकट करायचे नाही. उरलेल्या वेळात रोज दोनच अर्ज, पण प्रत्येक कंपनीची माहिती वाचून. दोन महिन्यांनी बघू.

राहिला ऑसिलोस्कोप. सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर लागते तेव्हा सेटच्या आतला ऑसिलेटर, म्हणजे स्वतःची लहर तयार करणारा भाग, १७०६ वर चालतो आणि दोन्हींतल्या फरकावर सगळा रेडिओ उभा असतो, हे मी सांगितले त्या दिवशी तुला ते डोळ्यांनी बघायचे होते. तू प्रोब टेकवलास आणि केंद्र गायब झाले. प्रोबच्या कपॅसिटन्सनेच ऑसिलेटर सरकला होता. तू आधी घाबरलीस आणि मग इतकी हसलीस की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली. काउंटरचे काम संपेपर्यंत तो स्कोप मला लागणार आहे, तेव्हा तोवर त्याचे गिऱ्हाईक मीच आहे असे समज, भाडे देईन.

मंगळवारी सकाळी नऊला ये. येताना स्कोपच्या प्रोबची ती काळी टोपी शोधून आण, माझ्याकडे राहिली आहे असे तू म्हणतेस, पण मी तिन्ही खण पाहिले, इथे नाही.

तुझा
काका