दुखणं थांबायची वाट नको, आधी झोप लावा

दादा, तुमच्या वडिलांची कंबर दोन वर्षांपासून धरलेली, झोप जेमतेम पाच तास, तीही तुटक. दुखणं थांबलं की झोप आपोआप येईल का, असं विचारलंत. तशी वाट बघत बसू नका. दुखण्याने झोप मोडते हे दिसतं. मोडलेली झोप दुसऱ्या दिवशीचं दुखणं वाढवते, ते दिसत नाही. १९७५ साली कॅनडातल्या टोरांटोत मोल्डोफस्की आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी धडधाकट माणसांची गाढ झोप मुद्दाम मोडली, तर त्यांचं अंग ठणकायला लागलं.

आधी १४ दिवस वहीत लिहा: कधी पडले, अंदाजे किती झोपले, कधी उठले. नऊला पडून पाचला उठायचं आणि झोप पाचच तास, म्हणजे तीन तास नुसती कूस बदलण्यात जातात. अंथरूण म्हणजे तळमळ, ही सवय अंगात भिनते. म्हणून पाचला उठणं पक्कं ठेवा आणि पडायचं साडेअकराला. अंथरुणातला वेळ साडेपाच तासांहून कमी करू नका. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून ओसरीवर बसायचं, मोबाईल न घेता; डोळे जड झाले की परत. आठवड्याच्या हिशेबात पडलेल्या वेळेपैकी ८५ टक्के झोप होऊ लागली, की १५ मिनिटं आधी पडा. सुरुवातीला दिवसा पेंग येते, दुखणंही जास्त जाणवतं आणि तिथेच लोक सोडून देतात. तेवढे दिवस ट्रॅक्टर, मोटारसायकल नको. फिट येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करूच नका.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो शेतपंपाला रात्री येणाऱ्या लाईटमुळे. म्हणून सुरुवात दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात करा. रात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला शक्यतो तुम्ही जा. त्यांना जावंच लागलं तर आधी दीड तास झोपू द्या. मध्यरात्रीनंतर चहा नको, तंबाखूही नको. तीही झोप उडवते. घरी आल्यावर खिडकीला जाड चादर लावून झोपू द्या, पण दुपारपर्यंत लोळणं नको.

बाजेला झोळ पडला असेल तर ताणून घ्या. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये वाकळेची घडी ठेवा, कमरेला पीळ पडत नाही.

मेडिकलवरून परस्पर झोपेची गोळी आणू नका. ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी चालू असेल किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर झोपेची गोळी जिवावर बेतू शकते. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप येत असेल, वजन उतरत असेल तरी वही भरत बसू नका, मणक्याचा टीबी आहे का ते आधी तपासून घ्या.