आजीच्या वहीतली पायरी

प्रश्न : १९६१ साली आजी-आजोबा अँबॅसिडरनं सोलापूरहून पुण्याला गेले होते. आजीच्या वहीत मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर अशी गावं मैलांसकट आहेत. पुढं लिहिलंय, ‘पळसदेवला देवळाच्या पायरीवर कडक भाकरी नि शेंगाचटणी खाल्ली.’ आम्हा नातवंडांना तसंच जायचंय. ती पायरी सापडेल?
– एक नात, सोलापूर

उत्तर : ताई, सापडेल, पण मे महिन्यात जा. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि जुनं पळसदेव भीमेच्या पाण्याखाली गेलं. आज हायवेवर दिसतं ते नव्यानं वसलेलं गाव. पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ मात्र पाण्यातच उभं आहे, उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की उघडं पडतं. हिवाळ्यात गेलात तर भिगवणला रोहित पक्षी भेटतील, देऊळ नाही.

मैलांना १.६ नं गुणा, म्हणजे किलोमीटर येतील. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी भेटा. जुनी वाट त्यांच्या पायांत आहे. आणि वही घरी ठेवू नका. ते पान त्याच पायरीवर बसून मोठ्यानं वाचा. भाकरी सोलापूरचीच न्या.