हॅम्बुर्गला येताय, तर मुलींशी मालवणीतच बोला

दादा, तुम्ही विचारलंत की चार वर्षांची थोरली आणि सात महिन्यांची धाकटी घेऊन मालवणहून हॅम्बुर्गला यायचंय, तर घरात मालवणी बंद करून आतापासून इंग्रजी सुरू करावी का. तुमच्या आई म्हणतात, ‘भाषा रगतात आसता, खंय जावची नाय.’ मी वेंगुर्ल्याची, पोरं इथेच वाढवली, म्हणून सविस्तर लिहिते.

मालवणी अजिबात बंद करू नका. पण आईंचं म्हणणं अर्धंच खरं आहे. रक्तात येते ती भाषा शिकण्याची ताकद. कुठली भाषा, ते कानावर काय पडतं त्यावर ठरतं. फ्रान्समध्ये तीन ते आठ वर्षांच्या वयात दत्तक गेलेल्या कोरियन मुलांची मोठेपणी परीक्षा घेतली, तेव्हा त्यांना कोरियन वाक्यं इतर परक्या भाषांमधून ओळखताही आली नाहीत.

मग ताकद जन्मजात कशावरून? मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५७ मध्ये मांडलं की भाषा सवयीने आणि शाबासकीने अंगवळणी पडते. १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींनी ते खोडलं. वाद अजून चालू आहे, पण थोरलीकडे कान द्या. या वयाची मुलं ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतात. घरात तसं कुणीच बोलत नाही. ‘धरलं’, ‘भरलं’ ऐकून नियम त्यांनीच काढलेला असतो! म्हणून जर्मनची काळजी सोडा. किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, दिवसाचे पाच तास हॅम्बुर्गमध्ये मोफत मिळतात, तिथे खेळता खेळता ती उचलेल. साडेचार वर्षांच्या मुलांना इथे शाळा बोलावून भाषा बघते; कमी पडली तर पहिलीआधी वर्षभर फोरशूल, म्हणजे शाळेचा पूर्वतयारी वर्ग. घाबरण्यासारखं काही नाही.

खरी घाई धाकटीची आहे. वर्कर आणि टीस या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवलं की इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखतात, पण वर्षाची होईतो बहुतेकांना ते जमेनासं होतं. आणि नुसतं कार्टून लावून भागत नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं समोर बसून खेळवणाऱ्या माणसांकडून चिनी ध्वनी शिकली. टीव्हीवर तेच पाहणारी शिकली नाहीत. आजीचा व्हिडिओ कॉल मात्र चालू ठेवा. दोन-अडीच वर्षांची मुलं त्यावरून नवे शब्द शिकतात, कारण आजी विचारते आणि उत्तरासाठी थांबते.

तेव्हा आंघोळ घालताना, बांगडे साफ करताना, भांडतानासुद्धा मालवणीच. तुम्ही दोघंही. मुली जर्मनमध्ये उत्तर देतील, रागावू नका, आपण मालवणीतच पुढे बोलायचं. इथली मोठी सुट्टी बहुधा जुलै-ऑगस्टात येते. तिकडे धो धो पाऊस, होड्या किनाऱ्याला, तरीही तेव्हाच जा. सगळे घरात असतात आणि दिवसभर बोलतात. नारळी पौर्णिमा साधली तर थोरलीला बंदरावर न्याच.